खाचरातील खत आणि खोडातील कीड

कोल्हापूर शहरातील शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये व्यापारासाठी वसविली आणि गुळामुळे तिचे नाव दूरवर गेले. गुळाचे सौदे पुढे शाहू मार्केट यार्डात गेले. तरीही बसस्थानक आणि रेल्वे स्थानक हाकेच्या अंतरावर असल्याने खेड्यापाड्यांतून कामासाठी शहरात येणाऱ्या शेतकऱ्याची पावले आजही या पेठेकडे वळतात. मृगाच्या सुमारास राधानगरी, भुदरगड, पन्हाळा, शाहूवाडी या बाजूंनी आलेल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात बियाण्याखालोखाल एकच विषय असतो आणि तो म्हणजे युरिया. पुढे भाद्रपदात तोच शेतकरी पुन्हा येतो तेव्हा बोलणे औषधाचे असते. खताची खरेदी आणि औषधाची खरेदी हे दोन वेगळे व्यवहार आहेत, असे त्याला वाटते. भात संशोधनाने गेल्या काही दशकांत जे दाखवून दिले, ते नेमके याच्या उलट आहे. खाचरात खत कसे आणि किती पडले, यावर खोडातील किडीचे भवितव्य मोठ्या प्रमाणात ठरते.

जिल्ह्याचा लौकिक उसाचा असला, तरी खरिपात सुमारे एक लाख हेक्टरांवर भात उभे असते. गगनबावड्यास वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील शिरोळला त्याच्या जेमतेम दशांश. भाताचा मुख्य पट्टा अर्थातच पश्चिमेकडचा. येथील धारणा लहान आहेत. बहुतेकांचे भात विक्रीसाठी नव्हे, तर घरच्या कणगीसाठी पिकते. उसाचे बिल थोडे कमी आले तर तो शेतकरी निभावून नेतो. भाताची दहा गुंठे खाचरे पळिंजाने गेली, तर मात्र त्याला वर्षाचे धान्य विकत आणावे लागते.

युरिया जातो कोठे ?

खाचरात पाणी उभे असताना युरिया फोकून दिला, म्हणजे तो पाण्यात लगेच विरघळतो. त्याचे अमोनियम होते आणि त्यातील काही भाग अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. उरलेल्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरात प्राणवायू असतो. तेथे अमोनियमचे नायट्रेट होते. हे नायट्रेट पाण्याबरोबर खालच्या, प्राणवायू नसलेल्या थरात उतरते, आणि तेथील जिवाणू त्याचे नत्र वायूत रूपांतर करून ते हवेत परत पाठवतात. त्यातच तरण्या किंवा म्हाताऱ्या पावसाची एखादी झड आली, की बांध फुटून वरचे पाणी खालच्या खाचरात आणि तेथून ओढ्याला जाते. फोकून दिलेल्या युरियातील जेमतेम ३० ते ४० टक्के नत्र भाताच्या पदरात पडते, हा निष्कर्ष अनेक देशांतील प्रयोगांतून निघालेला आहे. २०१५ पासून युरियावर कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाल्याने या गळतीस थोडा आळा बसला, पण ती थांबली नाही.

खत दिसेनासे झाले, की शेतकरी आणखी खत टाकतो. येथूनच किडीचा संबंध सुरू होतो. एकदम मिळालेल्या नत्राने पीक काही दिवस गर्द हिरवे, लुसलुशीत होते. असा मऊ पाला खोडकिडीच्या मादीला अंडी घालण्यास पसंत पडतो, तुडतुड्यांना रस शोषण्यास सोपा जातो आणि करप्याच्या बुरशीला आत शिरण्यास अडथळा उरत नाही. बांधावरून पाहणाऱ्यास जे पीक सर्वांत तजेलदार वाटते, ते कित्येकदा सर्वांत धोक्यात असलेले पीक असते.

जुन्या वाणांच्या काळी हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात होता. आजऱ्याचा घनसाळ सुवासासाठी नावाजलेला आहे आणि २०१६ मध्ये त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु तो उंच वाढणारा व उशिरा तयार होणारा आहे. त्यास जास्त नत्र दिले, तर दाणा भरण्यापूर्वीच पीक लोळते. १९६६ मध्ये फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारित केलेल्या आय. आर. ८ या बुटक्या वाणाने चित्र पालटले. वडगाव मावळच्या केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून काढलेला व १९८७ मध्ये प्रसारित झालेला ‘इंद्रायणी’ कोल्हापूरच्या खाचरांतही रुजला. राधानगरीच्या कृषी संशोधन केंद्राने ‘भोगावती’ हा सुवासिक वाण दिला. नवे वाण खताला प्रतिसाद देतात. म्हणूनच खताचा हात सैल सुटला आणि कीड-रोगांची चिंता वाढली.

चार सूत्रे

या कोंडीवर महाराष्ट्रात निघालेला एक तोडगा म्हणजे मृदाशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भात लागवड. आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात त्यांनी युरियाच्या मोठ्या गोळ्या चिखलात खोल खोचण्याच्या तंत्रावर संशोधन केले होते. या अनुभवाला त्यांनी सह्याद्रीच्या पट्ट्यातील गरीब शेतकऱ्याच्या आवाक्यातील साधनांची जोड दिली.

पहिले सूत्र राखेचे आहे. भात हे जमिनीतून सिलिका मोठ्या प्रमाणात उचलणारे पीक आहे. ही सिलिका पाने व खोडाच्या सालीत साठते, पाने ताठ उभी राहतात आणि साल कठीण होते. खोड पोखरू पाहणाऱ्या कोवळ्या अळीचे जबडे अशा सालीवर झिजतात. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते. म्हणून तुसाची काळी राख तरव्याच्या वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात मातीत मिसळावी, असे हे सूत्र सांगते. राख काळी हवी, म्हणजे तूस अर्धवट जळालेले हवे. प्रखर आचेवर पांढरी होईपर्यंत जाळलेल्या राखेतील सिलिका रोपांना सहजासहजी मिळत नाही. याच सूत्राचा दुसरा भाग भाताची पिंजर शेतात गाडण्याचा आहे. तो कोल्हापुरात फारसा अमलात येणे कठीण. येथे दारात म्हैस असते आणि पिंजरीवर पहिला हक्क तिचा असतो.

दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे. उंदीरमारी या नावाने ओळखले जाणारे हे झाड बांधावर फांदी खोचली तरी जगते. चिखलणीपूर्वी आठवडाभर आधी गुंठ्यास सुमारे ३० किलो हिरवा पाला पसरून ठेवावा आणि पाने गळाल्यावर काटक्या उचलून घ्याव्यात, एवढीच कृती. याने नत्राचा काही भाग विनामूल्य मिळतो आणि तो सावकाश मिळतो.

तिसरे आणि चौथे सूत्र एकमेकांत गुंतलेले आहे. सुधारित दोरीवर १५ व २५ सेंटिमीटर अशी आलटून पालटून खूण करून, एका चुडात दोन-तीन रोपे लावायची. त्यामुळे खाचरात चार-चार चुडांचे लहान चौकोन तयार होतात व त्यांच्यामधून २५ सेंटिमीटर रुंदीची वाट राहते. लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी २.७ ग्रॅम वजनाची युरिया-डीएपी गोळी, म्हणजे ब्रिकेट, सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची. गुंठ्यास सुमारे ६२५ गोळ्या, वजनाने पावणेदोन किलोच्या आत. गोळी ज्या थरात जाते, तेथे प्राणवायू नसल्याने अमोनियमचे नायट्रेट होत नाही आणि त्यामुळे नत्र वायुरूपाने उडत नाही. चार चुडांची मुळे गोळीभोवती जमा होतात व पीक गरजेप्रमाणे खात राहते. हेक्टरी हिशेब केला, तर नत्र ६० किलोच्या आतच पडते. फोकून देण्यासाठी साधारण १०० किलोंची शिफारस असते. पावसाच्या झडीने वरचे पाणी वाहून गेले, तरी गोळी जागच्या जागी राहते. गगनबावड्यासारख्या मुलखात ही गोष्ट लहान नव्हे. याच तत्त्वावरील खोल खोचलेली ‘गुटी युरिया’ बांगलादेशातील भातशेतीतही मोठ्या प्रमाणावर पसरली.

या मांडणीचा कीड-नियंत्रणाशी संबंध उघड आहे. नत्र बेताने मिळते, साल कठीण होते आणि रुंद वाटांतून हवा व ऊन चुडांच्या बुडापर्यंत पोहोचते. तुडतुडे दाट, दमट, सावलीच्या जागी फोफावतात. ती जागाच त्यांना मिळेनाशी होते.

खोडातील शत्रू

भाताच्या पिवळ्या खोडकिडीचा पतंग ओळखण्यास सोपा आहे. मादीच्या पिवळसर पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. पानाच्या शेंड्याजवळ ती पुंजक्याने अंडी घालते आणि त्यांवर तपकिरी केसांचे आवरण चढवते. आठवड्याभरात अळ्या बाहेर पडतात, थोडा वेळ पानावर हिंडतात व खोडात शिरतात. त्यानंतर कोषातून पतंग बाहेर पडेपर्यंत कीड खोडातच असते. म्हणून फवारणीस ती फार थोडा काळ उघडी सापडते. बहुतेक फवारे अळी आत गेल्यावर मारले जातात, हे दुर्दैवाने खरे आहे.

फुटव्यांच्या काळात अळीने आतील पोंगा कुरतडला, की तो सुकतो. यास गाभेमर म्हणतात. पोंगा धरून ओढला तर सहज हातात येतो. लोंबी बाहेर पडताना हल्ला झाला, तर पांढरी, पोकळ, ताठ लोंबी दिसते. हेच पळिंज. या दोन्हींत शेतकऱ्याने भेद करणे अगत्याचे आहे. गाभेमर थोडी असेल तर भात नवे फुटवे फोडून तूट भरून काढते, पळिंज मात्र भरून निघत नाही. म्हणूनच गाभेमर पाच टक्क्यांपर्यंत जाईपर्यंत, किंवा चौरस मीटरमध्ये एक अंडीपुंज दिसेपर्यंत, कीटकनाशकाला हात लावू नये, अशी मर्यादा संशोधनाने घालून दिली आहे. शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला म्हणून आपणही घ्यायचा, ही पद्धत खर्चिक आहे.

मर्यादा ओलांडली जाण्यापूर्वी करण्यासारखे पुष्कळ असते. अंडी शेंड्यावर असल्याने लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट केले, तर तरव्यातील अंडी शेतात जात नाहीत. मादीच्या गंधाची कृत्रिम गोळी ठेवलेले कामगंध सापळे नर पतंगांना खेचतात. हेक्टरी चार-पाच सापळे लावले तर किडीची चाहूल लागते. ट्रायकोग्रामा ही टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी किडीच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या या मित्रकीटकांची अंडी चिकटविलेली कार्डे शेतात टाचली, की पुढचे काम त्यांचे. मात्र त्या आठवड्यात फवारणी केली तर कार्डावर केलेला खर्च पाण्यात गेला म्हणून समजावे.

फवारणीच्या अतिरेकाचा धडा साऱ्या जगाने इंडोनेशियाकडून घेतला. तेथे १९७०च्या दशकात तपकिरी तुडतुड्यांनी भात जाळले. फवारे वाढवीत नेले तसतसे तुडतुडेही वाढत गेले, कारण त्यांना खाणारे कोळी व ढेकूण आधी मेले. अखेर १९८६ मध्ये तेथील सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली आणि शेतकऱ्यांना खाचरात उतरून मित्रकीटक ओळखण्यास शिकविले. त्यानंतर भाताचे उत्पादन घटले नाही.

करप्याविषयी थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच, की त्याच्यावरील पहिला उपाय वाणाची निवड हा आहे. लोणावळ्यास धुके व सततचा पाऊस यांमुळे हा रोग हमखास पडतो. म्हणूनच तेथील केंद्रावर नव्या वाणांची सहनशक्ती पारखली जाते. घरचे बियाणे वापरणाऱ्याने दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे, तरंगणारे पोचट व रोगट दाणे काढून टाकावेत आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.

अडचण हातांची

चारसूत्री पद्धतीची सर्वांत मोठी अडचण शास्त्रात नाही, मजुरीत आहे. एकरास २५ हजार गोळ्या लागतात, आणि प्रत्येक गोळीसाठी एकदा वाकावे लागते. लावणीच्या हंगामात बायामाणसांचे हात आधीच कमी पडतात. दोरी धरून चौकोन साधत लावणे त्यांना सवयीच्या लावणीपेक्षा सावकाशीचे वाटते. घरच्या माणसांवर चालणाऱ्या दहा-वीस गुंठ्यांत पद्धत टिकते, मोठ्या क्षेत्रात मागे पडते. ब्रिकेट वेळेवर जवळच्या गावी न मिळणे, ही दुसरी अडचण. मे अखेरीस कोरड्या जमिनीत धूळवाफ पेरणी करणाऱ्यांना तिसरे-चौथे सूत्र लागूच पडत नाही. त्यांनी युरिया दोन-तीन हप्त्यांत विभागून, खाचरातील पाणी कमी करून द्यावा. पाणी झपाट्याने झिरपणाऱ्या हलक्या जमिनीतही गोळी खोचण्याचा आग्रह धरू नये.

कापणीच्या वेळचे एक काम मात्र कोणत्याही पद्धतीने भात लावणाऱ्यास करता येते. लोंबी पिकू लागली, की खोडकिडीची अळी धसकटाच्या बुडाशी उतरते आणि तेथेच पुढील हंगामाची वाट पाहत बसते. कापणी जमिनीलगत करून, वाफसा येताच नांगरट केली व धसकटे वेचून काढली, तर तिचा निवाराच मोडतो. एका शेतकऱ्याने केले आणि शेजारच्या दहा खाचरांत धसकटे तशीच राहिली, तर पतंगाला बांध आडवा येत नाही. हे काम साऱ्या शिवाराने एकाच आठवड्यात उरकावे लागते.