न पाहिलेली आग

क्लीव्हलँडची नदी पेटली तेव्हा मी तिथे होतो, हे मी पन्नास वर्षे लोकांना सांगत आलो. बँकेत डबा खाताना सांगितले, साहित्यिक मित्रांच्या बैठकीत सांगितले, नातवंडांनाही सांगितले. पाण्यावर नाचणाऱ्या ज्वाळांचे वर्णन करताना माझा आवाज नकळत चढत असे.

वडील १९६६ साली धातुशास्त्रात डॉक्टरेट करायला अमेरिकेत गेले, पाठोपाठ आई आणि मी. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. १९७० साली पुण्याला परतलो तो दहा वर्षांचा होऊन. शहर ओहायो राज्यातले, ईरी सरोवराच्या काठचे, पोलादाच्या कारखान्यांचे. दर शनिवारी आईबरोबर मी ‘रॅपिड’ नावाच्या शहरी गाडीने वेस्ट साइड मार्केटला जात असे. १९१२ साली उघडलेली ही मंडई. आपल्या फुले मंडईसारखा तिलाही मनोरा आहे. बावन्न मजली टर्मिनल टॉवरच्या खालून सुटलेली गाडी लगेच उंच पुलावर येई आणि खाली दिसे कायाहोगा नदी: तपकिरी, तेलकट, लाकडाचे ओंडके अंगावर घेऊन रेंगाळणारी. परतताना संध्याकाळ झाली, तर दूर कारखान्यांच्या धुराड्यांवर जाळ दिसे. मी खिडकीला नाक लावून बसलेला असे.

रविवार, २२ जून १९६९ रोजी दुपारी ही नदी पेटली. वरून जाणाऱ्या रेल्वेगाडीची ठिणगी पाण्यावरच्या तेलकट कचऱ्यावर पडली असावी, असे म्हणतात. रेल्वेच्या पुलांचे सुमारे पन्नास हजार डॉलरचे नुकसान झाले. पण अर्ध्या तासाच्या आत आग विझलीही. नदी आधीही अनेकदा पेटली होती, त्यामुळे शहराला त्याचे फारसे अप्रूप नव्हते. महापौर कार्ल स्टोक्स यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना नदीकाठी नेले. १९६७ साली निवडून आलेले, मोठ्या अमेरिकन शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ही बातमी देशभर नेली. सोबत छापलेले ज्वाळांचे छायाचित्र होते १९५२ च्या आगीचे! १९६९ च्या आगीचा फोटो कोणाला मिळालाच नव्हता.

हे मी अलीकडे वाचले आणि चपापलो. माझ्या डोळ्यांपुढच्या ज्वाळा हुबेहूब त्या फोटोतल्या होत्या.

मग आजोळचे घर रिकामे करताना मामाला एक पत्र्याची पेटी सापडली. तीत आईने आजीला धाडलेली निळी हवाई पत्रे होती. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. जून १९६९ चे पत्र मी आधी काढले. ‘रविवारी बाळ तापाने फणफणला होता. हे प्रयोगशाळेत. मी दिवसभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसले.’ आगीचा उल्लेखही नाही. पुढे लिहिले होते, ‘इथे बोलायला कोणी नाही. मंडईतल्या हंगेरियन आजीबाईंना माझे इंग्रजी कळत नाही, मला त्यांचे. म्हणून आम्ही दोघी खूप बोलतो. त्यांच्या लाल तिखटाला रंग आहे, तिखटपणा नाही. आई, मला परत यायचे आहे. यांना सांगू नकोस.’

बँकेत पुराव्याशिवाय एक व्हाउचर मी कधी पास केले नाही. इथे मात्र पन्नास वर्षे खोटी नोंद पास करत आलो, आणि खरी नोंद आजीच्या पेटीत पडून राहिली. माझ्या क्लीव्हलँडमध्ये बर्फ होते, बेसबॉल होता, दुकानांच्या नाताळातल्या सजवलेल्या खिडक्या होत्या. आईचा एकटेपणा त्यात कुठेच नव्हता.

१९५० साली नऊ लाखांवर वस्ती असलेल्या त्या शहरात २०२० च्या जनगणनेत पावणेचार लाखही माणसे उरली नव्हती. नदी मात्र सुधारली. तिच्यातले मासे खायला हरकत नाही, असे सरकारने २०१९ साली सांगितले.

आता डोळे मिटले की ज्वाळा येत नाहीत, ती गाडी येते. खिडकीशी मी, शेजारी मांडीवर भाजीची पिशवी घेऊन आई. पूल येतो, मी खाली नदी पाहतो. आई तेव्हा कुठे पाहत असे, ते मात्र काही केल्या आठवत नाही.