अंगठ्याची खूण

आमच्या वखारीच्या वहीत निरक्षर शेतकऱ्याने अंगठा उठविला की तो व्यवहारास बांधला जातो. परंतु फेसबुकावरील अंगठ्यासाठी कोणास अटक होईल, असे पूर्वी कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे निवर्तल्यावर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका युवतीने त्या बंदविषयी प्रश्न केला; तिच्या मैत्रिणीने त्यावर पसंतीचा अंगठा उमटविला. दोघींना अटक झाली, आणि पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोडही झाली. पुढे श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरले. ‘त्रासदायक’ मजकुरास तीन वर्षांपर्यंत कैद! त्रास कोणाचा व किती, याचे मापच कायद्यात नव्हते. असल्या मापाने आम्ही भात मोजले असते तर गिऱ्हाईक उभे राहिले नसते. संकेतस्थळे रोखण्याचे कलम ६९-अ मात्र कायम राहिले. रद्द कलमाखाली खटले भरू नयेत, असे न्यायालयास २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले.

आमच्या जोयडा तालुक्यात कित्येक वाड्यांवर मोबाइलला रेंजच नसते. तथापि भय तेथेही पोहोचते. मध्यंतरी एका अधिकाऱ्याच्या कारभारावरील टीकेस माझ्या नातीने अंगठा दिला. कलम रद्द झाल्याचे ठाऊक असूनही, धंद्यास बाधा येईल म्हणून मी तो काढावयास सांगितले.

“आजोबा, मजकूर खोटा आहे काय?”

“खरा आहे.”

तिने अंगठा काढला. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही.