मुलें शिकावयास परगांवीं जातात तेव्हां

बारावीचा निकाल लागून कांहीं आठवडे लोटलेले असतात. प्रवेशफेरीची यादी केव्हां लागते याकडे घरांतील सर्वांचे डोळे लागलेले असतात. मुलाचें किंवा मुलीचें नांव पुण्यास निघेल, नागपुरास निघेल, सांगलीस निघेल, कीं थेट कर्नाटकांतील सुरतकल येथें, हें देवालाहि ठाऊक नसावें अशी स्थिति असते. एके दिवशीं यादी लागते, आणि मग सारेंच आठ-दहा दिवसांत उरकावयाचें येतें. शुल्काचा भरणा, दाखल्यांच्या प्रती, वसतिगृहांतील जागा, गादी, बादली, कुलूप, चार्जर! प्रत्येक वस्तूची कागदावर नोंद होते आणि ती मिळाली कीं तिच्यापुढें खूण होते. घरीं मागें राहणाऱ्यांच्या मनाची नोंद मात्र त्या कागदावर कोठेंच नसते.

याच दिवसांत घरोघर एक चमत्कारिक गोष्ट घडते. ज्याच्या जाण्याच्या नुसत्या कल्पनेनें आईच्या पोटांत कालवतें, त्याच्याशींच तिचे दिवसांतून चार वेळां खटके उडूं लागतात. ओला टॉवेल पलंगावर टाकला, रात्रीं दोन वाजेपर्यंत दिवा जळत होता, मित्रांकडे गेला तो जेवावयास परतला नाहीं. कारणें नेहमींचींच, पण स्वर नेहमींचा नसतो. "तिथें तुझें हें कोण उचलणार आहे?" हें वाक्य ज्या घरांत उच्चारलें गेलें नाहीं असें घर विरळा. मुलगाहि मागें राहत नाहीं. तो फटकन् बोलतो, दार लावून घेतो, आणि घरांतले उरलेसुरले दिवस मित्रांत घालवितो. शेवटीं आई म्हणते, "जा बाबा एकदांचा!" आणि स्वयंपाकघरांत जाऊन डोळे पुसते.

ही भांडणें टॉवेलाचीं नव्हेत. जें सुटणार आहे तें थोडें वाईट ठरवितां आलें, तर सोडणें सोपें जातें; हा मनाचा जुना कावा आहे. तो आईहि खेळते आणि मुलगाहि खेळतो, आणि दोघांनाहि त्याचा पत्ता नसतो.

मराठी घराला पाठवणी अपरिचित आहे असें नाहीं. मुलगी सासरीं निघाली म्हणजे तिची ओटी भरली जाते, बायाबापड्या उघड उघड रडतात, जात्यावरच्या ओव्यांत त्या दुःखाला शब्दहि मिळालेले आहेत. त्या रडण्याला समाजानें जागा, वेळ आणि रीत नेमून दिली आहे. परंतु तीच मुलगी वैद्यकी शिकावयास अडीचशें मैलांवर निघाली, तर तिच्यासाठीं कोणतीहि रीत नाहीं. फार तर हातावर दही, देवाला नमस्कार, आणि "जातें म्हणूं नये, येतें म्हणावें" एवढी सूचना. शिवाय प्रसंग आनंदाचा! जागा मिळाली म्हणून शेजाऱ्यांना पेढे वाटलेले असतात. पेढे वाटून झाल्यावर रडावयाचें कसें? वाट न मिळालेलें तें दुःख मग टॉवेलावर जाऊन आदळतें.

वियोग घडण्यापूर्वींच त्याचें दुःख सुरू होतें, ही गोष्ट मानसवैद्यांनींहि नोंदून ठेविली आहे. १९४२ सालच्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील बोस्टन शहरीं 'कोकोनट ग्रोव्ह' नांवाच्या रंजनगृहाला आग लागून ४९२ माणसें दगावलीं. त्या आगींतून वांचलेल्यांवर आणि मृतांच्या आप्तांवर उपचार करणाऱ्यांत एरिक लिंडेमान हे मानसवैद्य होते. शोकाचीं लक्षणें सांगणारा त्यांचा निबंध १९४४ सालीं प्रसिद्ध झाला. त्या निबंधाच्या अखेरीस एक वेगळेंच निरीक्षण आहे. महायुद्धाचे ते दिवस. घरचा माणूस रणांगणावर गेलेला, पण जिवंत. तरीसुद्धां मागें राहिलेलीं माणसें त्याच्या मरणाच्या धास्तीनें शोकाच्या सगळ्या पायऱ्या आधींच चढून जातात, असें लिंडेमान यांस आढळलें. एक शिपाई सुखरूप परत आला, तों त्याची बायको त्याच्याकडे घटस्फोट मागूं लागली. तिचा शोक इतका पुरा झाला होता कीं परत आलेल्या माणसासाठीं तिच्या मनांत जागाच उरली नव्हती.

रणांगण आणि वसतिगृह यांची तुलना कोणासहि अतिशयोक्तीची वाटेल, आणि ती तशी आहेहि. तरी त्यांतून एक उमज घेण्यासारखा आहे. "मन घट्ट कर", असा उपदेश जाणाऱ्याच्या आईला जो तो करतो. मन आधींच घट्ट करून बसणें ही तयारी नव्हे. घट्ट झालेलें मन वेळेवर सैल होतेंच असें नाहीं, आणि मुलगा तर दिवाळींत परत यावयाचा असतो.

मग तयारी कशाला म्हणावें? एका आईचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें असूनहि या दृष्टीनें क्वचितच पाहिलें जातें. १८८८ च्या जानेवारींत मोहनदास गांधी भावनगरच्या सामळदास महाविद्यालयांत दाखल झाले. प्राध्यापकांचीं व्याख्यानें त्यांना उमगेनात, मन लागेना, आणि पहिलें सत्र संपतांच ते घरीं परतले. (पहिल्या सत्रांत मुलाचें मन रमलें नाहीं म्हणून ज्या घरीं आकाश कोसळतें, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.) पुढें घराण्याच्या एका स्नेह्यानें, मुलाला विलायतेस धाडून बॅरिस्टर करा, असें सुचविलें. वडील १८८५ सालींच वारले होते. निर्णयाचा भार आई पुतळीबाई आणि थोरले बंधु यांच्यावर आला.

पुतळीबाई रडत बसल्या नाहींत, कीं उसनें धैर्यहि त्यांनीं दाखविलें नाहीं. त्यांनीं चौकशी केली. विलायतेंत गेलेलीं तरुण मुलें बिघडतात, मांस खातात, दारूवांचून तेथें चालत नाहीं, असें त्यांच्या कानीं आलें. तें त्यांनीं मुलापुढें सरळ मांडलें. बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समक्ष मुलानें तीन गोष्टी वर्ज्य करण्याची शपथ घेतली: मद्य, मांस आणि परस्त्री. त्यानंतर आईनें परवानगी दिली, आणि ४ सप्टेंबर १८८८ रोजीं मुंबईहून बोट सुटली. घरीं पत्नी कस्तुरबाई आणि तान्हें मूल मागें राहिलें. त्यांच्या मनाची तयारी कोणी केली, हा प्रश्न त्या काळीं कोणी विचारला नाहीं.

या शपथेंतील धर्मभावना क्षणभर बाजूस ठेवली, तरी तिच्यांतील शहाणपण उरतेंच. आईची भीति मोघम राहिली नाहीं. तिला तीन नांवें मिळालीं. सूचना पन्नास नव्हत्या, तीनच होत्या; आणि त्यांत परीक्षेबद्दल एक अक्षरहि नव्हतें. आजच्या घरांत नेमकें उलट घडतें. भीति मनांत दडवून ठेवावयाची आणि सूचना मात्र रेल्वेचें तिकीट काढल्यापासून गाडी हलेपर्यंत अखंड चालू ठेवावयाच्या. अठरा वर्षांचें मूल पन्नास सूचनांतली एकहि ऐकत नाहीं. पण "तूं आजारी पडलास आणि आम्हांला कळविलेंच नाहींस, याची मला भीति वाटते", असें आई शांतपणें बोलली, तर तें त्याच्या कानांत राहतें.

त्या कथेचा शेवट मात्र दुःखाचा आहे. मुलगा विलायतेंत असतांनाच पुतळीबाई वारल्या. परदेशांत त्याला धक्का बसूं नये म्हणून ही बातमी त्याच्यापासून लपविण्यांत आली. १८९१ सालीं तो बॅरिस्टर होऊन मुंबईच्या धक्क्यावर उतरला, आईला भेटावयास मन आतुर झालेलें, तेव्हां थोरल्या भावानें ती सांगितली. हेतु मायेचा होता, यांत शंका नाहीं. परंतु आजोबा रुग्णालयांत आहेत, वडिलांची नोकरी डळमळींत आहे, हें "त्याची परीक्षा होऊं दे, मग सांगूं" म्हणून दडवून ठेवण्याची चाल आजहि कित्येक सुशिक्षित घरांत आहे. वाईट बातमी प्रेमाच्या माणसांपासून लपवावयाची असते, हा धडा मूल त्यांतूनच शिकतें आणि मग तो घरावरच उलटवितें. पहिल्या सत्रांत दोन विषय राहिले, खोलींतल्या मुलांशीं पटत नाहीं, रात्रीं झोंप येत नाहीं, हें तें घरीं सांगत नाहीं. "सगळें ठीक आहे" हे तीन शब्द फोनवरून महिनोन्महिने येत राहतात, आणि आईबाप निश्चिंत असतात. मुलांच्या बाबतींत जीं मोठीं अनर्थकारक प्रकरणें होतात, त्यांच्या मागें कित्येकदां न सांगितलेल्या लहान लहान वाईट बातम्यांची रास सांपडते.

म्हणून आईबापांनीं मनाची जी तयारी करावयाची, तींत पहिली तयारी वाईट बातमी ऐकण्याची. ती मूल निघण्याच्या आदल्या रात्रीं होत नाहीं. अकरावींत गणितांत कमी गुण मिळाले तेव्हां घरांत काय घडलें, तें मुलाच्या पक्कें लक्षांत असतें. त्या वेळीं तीन दिवस अबोला धरला गेला असेल, तर "कांहींहि झालें तरी आम्हांला सांग" या स्टेशनावरच्या आश्वासनाला किंमत किती? अशा घरीं वडिलांनीं एकदां स्वतःच्या नापास होण्याची, फसलेल्या मुलाखतीची, कर्जाच्या काळजीची हकीकत मुलापुढें मोकळेपणानें सांगावी. बापहि हरतो आणि हरून पुन्हां जेवावयास बसतो, हें मुलानें पाहिलेलें असावें.

वडिलांची तऱ्हा एरव्हीं निराळीच असते. आईचें दुःख बोलतें, त्यांचें हिशेब करतें. गाडीचें वेळापत्रक, बँकेंतलें खातें, आरोग्याचा विमा, यांत ते स्वतःला गुंतवून घेतात. तें चुकीचें नाहीं. प्रेमाची ती जुनीच भाषा आहे. भारतांत पोस्टकार्ड १८७९ सालीं आलें आणि टपालखात्याची मनीऑर्डर १८८० सालीं सुरू झाली. कोंकणांतून पुण्यास शिकावयास आलेला, वार लावून जेवणारा विद्यार्थी आणि त्याचे वडील यांचें सारें नातें कित्येक वर्षें या दोन कागदांवर तगून होतें. मनीऑर्डरीच्या तळाशीं दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असे, आणि "प्रकृतीस जपणें" एवढ्यांत सर्व कांहीं आलें असें समजलें जाई.

आतां फोन दिवसांतून दहा वेळां होऊं शकतो, आणि यांतच नवा पेंच आहे. पोस्टकार्डाच्या काळांत मुलाला एकट्यानें पडावें आणि उठावें लागे, कारण दुसरा उपायच नव्हता. आज जरा कोठें अडलें कीं आईचा आवाज कानाशीं! डोनल्ड विनिकॉट या इंग्रज बालवैद्यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत, एकटें राहतां येणें ही एक कमावलेली शक्ति आहे असें प्रतिपादिलें. ती शक्ति मूल प्रथम कमावतें तें आईच्या सान्निध्यांतच. आई जवळ आहे, पण मधें मधें करीत नाहीं, अशा वेळीं तें आपल्याशींच खेळावयास शिकतें. हें विवेचन तान्ह्या मुलांना अनुलक्षून असलें, तरी अठराव्या वर्षीं त्याच शक्तीची दुसऱ्यांदा परीक्षा होते. फोन असावा, पण त्याची वेळ मुलाच्या सोयीनें ठरावी, आणि त्यावरील पहिला प्रश्न "अभ्यास कुठवर आला?" हा नसावा. "जेवलास का?" हा जुना मराठी प्रश्न कितीहि भाबडा वाटला तरी त्याला कोणतेंहि उत्तर देतां येतें, आणि एका उत्तरांतून दुसरी गोष्ट निघते.

जाण्यापूर्वींच्या वर्षांत घरीं करावयाच्या बारीकसारीक गोष्टींचा पाल्हाळ नको. कपडे धुणें, तापांत कोणती गोळी किती घ्यावी, महिन्याचे पैसे महिनाभर पुरविणें, बँकेंत स्वतः जाऊन उभें राहणें, एवढें दहावीनंतर हळूहळू मुलाच्या अंगावर सोंपवीत जावें. आईला ते चुकतांना पाहवत नाहीं. पण तें पाहणें हाच तिचाहि अभ्यास आहे. प्रत्येक सोंपविलेल्या कामाबरोबर तिचा निरोप थोडा थोडा होऊन जातो, आणि जिन्याखालीं रिक्षा येऊन थांबते तेव्हां सगळाच एकदम करावा लागत नाहीं.

गाडी जाते. त्यानंतर घर कसें होतें, हें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांस सांगणें नको. कुकरांत भांडें एक कमी लागतें, आणि दूधवाल्याला अर्धा लिटर कमी करावयास सांगतांना जीभ अडखळते. खोली लगेच आवरूं नये, आणि देव्हाऱ्यासारखी जपूंहि नये. धाकटें भावंड असेल, तर त्याच्याकडे विशेष लक्ष असावें. घरांतल्या सगळ्या नजरा एकाएकीं त्याच्यावर खिळतात, तें गुदमरतें, आणि त्याच्याहि जिवाचा सोबती गेलेला आहे हें मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

उरतात तीं दोघें. वीस वर्षें एकमेकांशीं बोलणें झालें तें शाळा, शिकवणी आणि डबा यांविषयीं. आतां संध्याकाळीं समोरासमोर बसून बोलावयाचें काय? हें भय खरें आहे, पण वाटतें तितकें मोठें नाहीं. अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ नॉर्व्हल ग्लेन यांनीं राष्ट्रव्यापी पाहण्यांतील माहिती तपासून १९७५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलें घराबाहेर पडलेल्या मध्यम वयाच्या स्त्रिया, मुलें अद्याप घरीं असलेल्या त्याच वयाच्या स्त्रियांपेक्षां थोड्या अधिकच सुखी आढळल्या. तेथील घरें निराळीं, येथील निराळीं. येथें सासूसासऱ्यांचें दुखणेंखुपणें असतें आणि सारें जीवित मुलांभोंवतीं गुंफलेलें असतें, हें मान्य करूनहि, रिकामें घर म्हणजे भकास घर असें समीकरण कोठेंच सिद्ध झालेलें नाहीं. कित्येक घरीं पहिला महिना जड जातो, दुसऱ्यांत एखाद्या रविवारीं दोघें नाटकाला जातात, आणि आपल्याला मजा आली याचीच थोडी लाज वाटते.

दिवाळींत मुलगा येतो. वाळला आहे, केस वाढले आहेत, आणि दाराशीं चपला कांहीं न सांगतां नीट लावून ठेवतो. चार दिवस घर भरून जातें. पांचव्या दिवशीं टॉवेल पुन्हां पलंगावर सांपडतो, आणि आईला तो उचलतांना राग येत नाहीं. निघावयाच्या आदल्या संध्याकाळीं तो गॅलरींत उभा राहून मित्राशीं फोनवर बोलत असतो: "अरे, सोमवारीं सकाळीं घरीं पोंचतों मी, किल्ली तुझ्याकडेच ठेव." आई आंत चिवड्याचा डबा भरीत असते. ती क्षणभर थांबते, मग त्या मित्रासाठीं म्हणून आणखी दोन मुठी चिवडा डब्यांत घालते, आणि झांकण घट्ट लावते.