सड्यावरची तार

खुंटी जांभ्यात जात नाही. हातोडीचा घाव बसतो, लाल कपची उडते आणि खुंटी वाकते. पुण्याचे गृहस्थ गुडघ्यावर बसून दुसरी जागा चाचपतात, तिथेही तेच. देवगडच्या सड्यावर, पवनचक्क्यांच्या अलीकडे, त्यांची पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर उभी आहे. मागची दारं सताड उघडी. आत सीटांच्या जागी पलंग, शेगडी, पाण्याचे कॅन आणि खिडकीला लागून एक घडीचं टेबल. टेबलावर रेडिओ, वही, पेन्सिल. टपावर सौर पॅनेल, पलंगाखाली बॅटरी. डिसेंबर लागलाय, सड्यावरचं गवत पिवळं पडलंय आणि वारा समुद्राकडून येतोय.

बंदरातून वर आलेला एक खलाशी थोडा वेळ बघत उभा राहतो. बरोबर त्याची मुलगी आहे, शाळेच्या गणवेशातच. गाडीला टेकवून ठेवलेली फायबरची काठी एकातून एक नळ्या ओढून उभी करायची आहे. अजून ती आडवीच आहे.

"भाऊ, ही गरवूची काठी म्हणायची काय?"

"नाही हो, ही अँटेनाची. या टोकाला तार बांधायची."

"मगे खुंटी कित्याक मारतास? दगडाक बांधा."

तो स्वतःच चार जड चिरे उचलून आणतो, ताणाच्या दोऱ्या त्यांना बांधतो. गृहस्थांनी बांधलेली गाठ बोटाने चाचपून सोडून टाकतो. "ही वाऱ्यान सुटतली." त्याने मारलेली गाठ मी वाकून बघतो, पण हात इतके भराभर चालतात की फेरा कुठून कुठे गेला ते कळत नाही. पाच मिनिटांत काठी उभी राहते. तिच्या शेंड्यावरून तारेचे दोन पदर दोन बाजूंना तिरपे उतरतात, प्रत्येक सुमारे दहा मीटरचा. सात मेगाहर्ट्झची लहर साधारण ४२ मीटर लांब असते, तार तिच्या निम्मी. एवढंच गणित आहे, पण ते चुकलं तर सेटने दिलेली ताकद हवेत न जाता परत फिरते.

आत रेडिओपाशी बसल्या आहेत बाई. भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. घरातलं हौशी रेडिओचं मोठं लायसन्स त्यांचं, म्हणजे जनरल ग्रेडचं. त्यांची ओळखखूण 'व्हीयू टू'ने सुरू होते. गृहस्थांचं रिस्ट्रिक्टेड, 'व्हीयू थ्री'चं. बाई मीटरवरचा काटा बघतात.

"अहो, जास्त दाखवतंय. पुण्याला जुळवलेली तार आहे ही, इथली जमीन निराळी. टोकं थोडी दुमडा."

गृहस्थ दोन्ही टोकं वीतभर दुमडतात. काटा उतरतो. जोडांवर ते रबरी टेप गुंडाळतात. खारं वारं तांब्याला दोन दिवसांत हिरवं करतं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

मग बाई माईकचं बटण दाबतात. "सीक्यू, सीक्यू, सीक्यू", म्हणजे कुणी ऐकतंय का, पुढे स्वतःची खूण एकेक अक्षर फोडून, आणि शेवटी "पोर्टेबल". घराबाहेरून, उभ्या गाडीतून बोलताहेत हे ऐकणाऱ्याला कळावं म्हणून ते शेपूट. गाडी चालू असती तर "मोबाईल" म्हणाल्या असत्या. लायसन्सवर पत्ता घरचा असतो. दुसऱ्या गावाहून किंवा गाडीतून बोलायचं तर त्याची रीत नियमांत दिलेली आहे आणि ती आधी पुरी करायची असते. बाईंनी केली आहे. कागद टेबलाच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत.

खरखर. पुन्हा हाक. पुन्हा खरखर. आणि त्यातून अचानक, अगदी शेजारी उभं राहून बोलावं तसा, कोल्हापूरचा आवाज.

"फाईव्ह नाईन, बाई! क्यूटीएच काय आज?" म्हणजे आवाज स्वच्छ येतोय, आणि आज मुक्काम कुठे.

"क्यूटीएच देवगड. देवगडच्या सड्यावर आहोत."

"देवगड! मोहोर आला का?"

बाई माझ्याकडे बघतात. मी खुणेने सांगतो, पालवीच जास्त, मोहोर तुरळक. त्या ते पुढे सांगतात. पेटीचा भाव मात्र कोल्हापूर विचारत नाही. या पट्ट्यांवर धंद्याची बोलणी करायची नाहीत, हा नियम दोघांनाही पाठ आहे. गाणी लावायची नाहीत, सांकेतिक भाषा वापरायची नाही. जे बोलायचं ते कुणालाही ऐकता येईल असं, उघड.

मध्येच टर्र टर्र असा आवाज सगळं खाऊन टाकतो. बाई खिडकीतून बघतात. खालच्या बागेत कलमांवर फवारणी चालू आहे, पेट्रोलच्या पंपाच्या स्पार्कची ही खरखर. पंप थांबला की कोल्हापूर परत येतं. मागून बेळगाव येतं, मग बेंगळुरू. वहीत वेळ, खूण, फ्रिक्वेन्सी, आवाजाचा अंक, गाव. बाईंचं अक्षर बारीक आणि सरळ.

खलाशी गाडीच्या पायरीवर टेकला आहे. "ह्याच्यावरसून आमच्या बोटीवर बोलूक येता काय?"

"नाही," गृहस्थ म्हणतात. "तुमच्या बोटीवरचा व्हीएचएफ १५६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. सोळा नंबरचा चॅनेल १५६.८. आमचा व्हीएचएफ पट्टा १४४ ते १४६. तुमच्यात आम्ही शिरायचं नाही."

"मगे आमका काय उपयोग?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्यात राग नाही. तो पुढे बोलतो, समुद्राकडे बघत. तौक्ते वादळाच्या वेळी आनंदवाडीच्या बंदरात नांगरून ठेवलेल्या बोटी सुटल्या, बुडाल्या, खलाशी गेले. मे २०२१ ची ती रात्र देवगडात कुणी विसरलेलं नाही. "लाईट गेली. मगे फोन गेले. माझो भाव बोटीर होतो. जिवंत हा काय नाय, ह्या विचारूक माणूस चलत जावचो लागलो."

बाई कानावरचा हेडफोन काढून खाली ठेवतात. उत्तर त्या देतात, शिकवायच्या सवयीने, पण घाईने नाही. ही तार मुद्दाम खाली बांधली आहे, म्हणतात. फार उंच नेली तर आवाज लांब जातो. खाली ठेवली तर तो जवळजवळ सरळ वर जातो, आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परततो आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या आत सगळीकडे उतरतो. मधे डोंगर आहे, घाट आहे, दरी आहे, याचा प्रश्नच येत नाही. देवगडहून जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला, कणकवलीला, कोल्हापूरला. टॉवर नको, वीज मंडळ नको, कुणाची केबल नको. एक बॅटरी, वीस मीटर तार आणि दोन्ही टोकांना लायसन्स असलेलं एकेक माणूस.

"म्हणजे त्या राती कोण तरी हय व्हया होतो."

"हो. आणि ओरोसला एक."

या एका वाक्यावर मी अडून राहतो. पुण्याची गाडी परवा निघून जाईल. वादळ येईल तेव्हा ती इथे नसेल. २००४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद अंदमानातून जगाशी बोलायला म्हणून सेट घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्यांचं ते हौसेचं केंद्र बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीला पोचवणारं केंद्र झालं. त्या नेमक्या तिथे होत्या, हा योग. आमच्या किनाऱ्याने योगावर का राहावं? विजयदुर्गापासून रेडीपर्यंत प्रत्येक बंदरात एक लायसन्सधारक असायला काय हरकत आहे? कॉलेजात फिजिक्स शिकणारी मुलं आहेत, टीव्ही-मोबाईल दुरुस्त करणारे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. सेट महाग वाटतो हे खरं, पण बोटीच्या एका इंजिनाच्या कामाला जे पैसे जातात त्यापुढे ती रक्कम अवघड नाही.

मोटरसायकलचा आवाज येतो. पोलीस आहे. किनाऱ्यावर उभी गाडी, वर काठी, तार, आत हेडफोन लावलेली बाई. त्याने यायलाच हवं. गृहस्थ खण उघडून पिशवी पुढे करतात. लायसन्स केंद्राच्या जागी हवं आणि मागितलं की दाखवायचं, हाही नियमच. तो दोन्ही कागद शांतपणे वाचतो, फोटो आणि चेहरा ताडून बघतो, ठाण्यात आधीच कळवलं होतं याची खात्री करतो आणि जाता जाता विचारतो, "पाकिस्तान लागतं का?" बाई म्हणतात, लागेल ते ऐकू येतं, पण बोलायचं काय याला मर्यादा आहेत. तो मान डोलावतो आणि उताराला लागतो.

तो गेल्यावर बाई डायल हळूहळू फिरवत ७.०८ च्या जरा पुढे आणतात आणि थांबतात. तिथे आत्ता काहीच नाही, नुसती सळसळ.

"ही जागा माहीत आहे?" मला विचारतात. "तीनशे भागिले ४२.३४."

मी कागदावर भागतो. ७.०८५. काँग्रेस रेडिओ, छोडो भारत चळवळीतलं गुप्त केंद्र! ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांचे सोबती मुंबईतून ज्या ४२.३४ मीटरवर बोलत होते, ती हीच जागा, आज हौशी लोकांना दिलेल्या ७.० ते ७.२ च्या पट्ट्याच्या पोटात. त्यांच्यासाठी यंत्र जुळवणारे नरिमन प्रिंटर हौशी रेडिओवालेच होते. १९३९ ला युद्ध सुरू झालं आणि सरकारने हौशी केंद्रं बंद केली होती. यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवत उषा मेहता आणि सोबती बोलत राहिले, शोध घेणाऱ्या गाड्यांना पत्ता लागू नये म्हणून. १२ नोव्हेंबरला पकडले गेले. बाई हे सांगतात तेव्हा त्यांचा हात डायलवरच असतो. खिडकीबाहेर पोलिसाची मोटरसायकल वळणावर दिसेनाशी होते.

सूर्य पाण्याला टेकतो. आता जे होतं ते मी पहिल्यांदाच ऐकतो आहे. दिवसा आकाशात सगळ्यात खाली असलेला थर या लहरी शोषून घेतो. सूर्य गेला की तो थर विरतो. बेळगावचा आवाज पातळ होतो, खोल जातो. त्याच जागी दुसरा एक आवाज वर येतो, इंग्रजी, पण हेल निराळा. इंडोनेशिया. पूर्वेकडे रात्र आधी झाली आहे, म्हणून आधी पूर्व उघडते. जरा वेळाने जपान. बाई माईक बाजूला ठेवून पितळी खटका पुढे ओढतात, कारण इतक्या लांब माणसाचा आवाज विरतो तिथे मोर्सचे डा-डिट टिकतात. बोटांची हालचाल जेमतेम दिसते. उत्तर येतं. बाई लिहितात. वहीच्या एका ओळीत देवगड आणि जपान शेजारी येतात.

खग्रास ग्रहणातही काही मिनिटं असंच होतं, गृहस्थ मला सांगतात, भर दिवसा लांबची केंद्रं ऐकू येतात. उद्या त्यांना विजयदुर्गाला जायचं आहे. ज्या ग्रहणातून हेलियमचा पत्ता लागला ते १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण बघायला तिथे किल्ल्यात बांधलेले साहेबाचे ओटे त्यांना बघायचे आहेत.

मुलगी इतका वेळ एक शब्द बोललेली नाही. आता ती टेबलाच्या कडेला येऊन उभी आहे.

"काकू, मी बोलू?"

"लायसन्सशिवाय नाही, बाळा. वय काय तुझं?"

"तेरा."

"बारा पूर्ण लागतात. म्हणजे परीक्षेला बसू शकतेस." बाई वहीचं मागचं पान फाडतात आणि लिहायला लागतात. दोन भाग: रेडिओ कसा चालतो, आणि नियम काय आहेत. रिस्ट्रिक्टेडसाठी प्रत्येकात चाळीस टक्के, मिळून पन्नास. मोर्स नको. जनरल हवं तर मोर्स; "माझ्या वेळी मिनिटाला आठ शब्द." अर्ज सरकारच्या 'सरल संचार' पोर्टलवर. मग पोलीस चौकशी, मग वाट बघायची. "आम्ही घेतलं तेव्हा वीस वर्षांचे हजार रुपये होते." ओहमचा नियम शाळेत झाला का? झाला नसेल तर आधी तो.

मग त्या सेटवरचं एक बटण दाबतात. आता खटका दाबला तर आवाज फक्त गाडीत येईल, तारेत जाणार नाही. मुलीला खुर्ची देतात. तिची बोटं खटक्यावर ठेवतात आणि गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहून खाली खुणा मांडतात. डी: डा डिडिट. ई: डिट. व्ही: डिडिडिडा. मुलगी दाबते. आवाज आधी फार लांब, मग फार तोकडा. 'व्ही' मात्र तिला पहिल्याच वेळी जमतो. 'जी'वर अडते.

"दोन डा सारखे हवेत. घाई नको. परत."

"डाडाडिट," ती पुटपुटते आणि दाबते.

पायरीवरून तिचा बाप विचारतो, "आणि ही परीक्षा असता खय? मुंबैक?"

"सरकारची वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनं असतात, तिथे. मुंबईत आहे, नागपूरला आहे. पण तुम्हाला गोवा जवळ पडेल."

"गोव्याक आमचा जावचा-येवचा असताच," तो म्हणतो. कागद मागून घेतो, दिव्याखाली धरून वाचतो आणि शर्टाच्या खिशात घालतो. आत मुलगी 'ए'वर पोचलेली असते.