विश्लेषण : संगणक सुरू होतो, मग ब्लूटूथ का नाही?

वीज जाऊन परत येते. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक आपोआप सुरू होतो. पण त्याला ब्लूटूथने जोडलेला सेन्सर गप्पच राहतो. पडदा आणि कीबोर्ड नसलेल्या अशा यंत्रात बिघाड कुणाच्या लक्षात येईपर्यंत नोंदी बुडालेल्या असतात. हे का घडते?

यूएसबी आणि सीरियल जोडणीत फरक काय?

यूएसबी उपकरण जोडताच स्वतःची ओळख सांगते. सीरियल पोर्टवर तशी सोय नाही. तिथे फक्त बिट्स ये-जा करतात. पलीकडे ब्लूटूथ चिप आहे की जीपीएस, हे लिनक्सला कळत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ३ मधील ब्लूटूथ चिप अशाच सीरियल पोर्टवर आहे.

शेल स्क्रिप्ट नेमके काय करते?

शेल स्क्रिप्ट म्हणजे टर्मिनलवर द्यायच्या आज्ञा क्रमाने लिहिलेली साधी फाइल. इथे मुख्य आज्ञा ‘एचसीआयअटॅच’. तिला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : पोर्ट कोणता, चिप कोणत्या प्रकारची आणि वेग किती. संवाद सहसा सेकंदाला १,१५,२०० बिट्सने सुरू होतो. मग चिपमध्ये फर्मवेअर भरले जाते आणि वेग वाढवला जातो. हे फर्मवेअर चिपच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते. म्हणूनच वीज गेली की सारे पुन्हा करावे लागते.

मग अडते कुठे?

बहुतेकदा वेळेत. पोर्ट तयार होण्याआधीच स्क्रिप्ट धावली, तर चिपकडून उत्तर येत नाही आणि आज्ञा मुदत संपून थांबते. सुरुवातीला ठरावीक सेकंद थांबणे हा कच्चा उपाय. त्यापेक्षा स्क्रिप्टला ‘सिस्टमडी’ची सेवा करावी, पोर्ट तयार झाल्यावरच ती सुरू व्हावी आणि अपयश आल्यास पुन्हा प्रयत्न व्हावा, अशी नोंद ठेवावी. त्याच पोर्टवर लॉगिन कन्सोल सुरू असेल, तर तो आधी बंद करावा.

स्क्रिप्टची गरज अजून आहे का?

२०१७ पासून लिनक्स कर्नेलमध्ये ‘सेरडेव्ह’ ही सोय आली. ‘डिव्हाइस ट्री’ या वर्णन-फाइलमध्ये पोर्टवर कोणती चिप आहे हे लिहिले की कर्नेल स्वतःच ती जोडतो. ‘एचसीआयअटॅच’ही आता कालबाह्य ठरवण्यात आले असून ‘बीटीअटॅच’ हा त्याचा पर्याय आहे. त्यामुळे नव्या बोर्डावर आधी डिव्हाइस ट्री तपासावी. दोन्ही मार्ग एकाच वेळी सुरू ठेवू नयेत. एकाच पोर्टवर दोघांनी हक्क सांगितला, तर गोंधळ होऊ शकतो.