लघुकवितेच्या आकृतीतून व्याकरण

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा व सौंसर हा भाग छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. येथील अनेक घरांत वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी बोलली जाते. परंतु हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला शाळेत व्याकरण भेटते ते प्रामुख्याने हिंदीचे. अशा मुलाला मराठी लेखन शिकविताना प्रारंभीच नियमांची यादी पुढे ठेवण्यापेक्षा, शब्दसंख्येने बांधलेली पाच ओळींची कविता अधिक उपयोगी पडते. पहिल्या ओळीत एक नाम, दुसरीत दोन विशेषणे, तिसरीत तीन क्रियापदे, चौथीत चार शब्दांचे वाक्य आणि अखेरीस एक शब्द, अशी ही आकृती:

बैल
पांढरा, शहाणा
चालला, थांबला, वळला
बैलाला घराची वाट ठाऊक
आपला

आता 'बैल' पुसून 'गाय' लिहावे. 'पांढरी, शहाणी', 'चालली', 'आपली' ही रूपे मूल स्वतःच बदलते. नंतर 'वासरू' द्यावे. हिंदीत नपुंसकलिंग नाही. म्हणून मूल येथे अडखळण्याचा संभव अधिक. भूतकाळ मुद्दाम योजला आहे. 'गाय चालते' व 'वासरू चालते' यांत लिंगभेद दिसत नाही. 'चालली' व 'चालले' यांत तो स्पष्ट होतो.

चौथी ओळ सर्वांत फलदायी होय. हिंदीत 'बैल को', 'घर का' असे म्हणताना मूळ शब्द बदलत नाही. मराठीत प्रत्ययापूर्वी 'बैला', 'घरा' असे सामान्यरूप होते. मूल कदाचित 'बैलाले' लिहील. त्यावर लाल रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने क्षणभर थांबावे. सामान्यरूप त्याने अचूक साधले आहे. भेद केवळ प्रत्ययाचा आहे. 'ले' बोलीचा, 'ला' प्रमाण लेखनाचा, असे दोन्ही फळ्यावर शेजारी लिहावेत. जो नियम आपण शिकवू पाहतो, तो मुलाच्या घरच्या बोलीत आधीपासूनच नांदत असतो.

आकृतीला मर्यादाही आहेत. 'लाल', 'सुंदर' ही विशेषणे लिंगानुसार बदलत नाहीत. ती पुढील पाठासाठी राखावीत. चार-पाच कविता झाल्यावर आकृती मोडण्याची मुभाही द्यावी. घरची बोली चूक ठरली, तर मूल लिहावयासच कचरते. तीच बोली व्याकरणाचा आधार झाली, तर कवितेचा अखेरचा शब्द ते भाषेलाही लावील: आपली.