लॅपटॉप घेताना पाहावयाच्या तीन गोष्टी : वजन, स्क्रीन आणि बॅटरी



बारावीचे निकाल लागले की आमच्या गट कार्यालयात लागवडीच्या नोंदींबरोबर आणखी एक चौकशी सुरू होते. कोणाचा मुलगा पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयात लागलेला असतो, कोणाची मुलगी अकोल्याला कृषी विद्यापीठात निघालेली असते, कोणाचा नातू पुण्याची वाट धरतो. "साहेब, पोरीले लॅपटॉप घ्याचा हाय, कोणता घ्याव जी?" असा सरळ प्रश्न येतो. ऊस विकासाचे काम करणाऱ्यांनी यात कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. परंतु हा पैसा उसाच्या बिलातूनच जातो. तेव्हा त्याचा हिशेब या पानावर मांडणे आम्हांस गैर वाटत नाही.

हिशेब असा. हलका म्हणून विकला जाणारा मध्यम किमतीचा लॅपटॉप साधारणपणे पन्नास ते सत्तर हजारांत येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफ. आर. पी. ठरविली. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला अडीच हजार हातात राहिले असे नुसते हिशेबाकरिता धरू. साठ हजारांचा लॅपटॉप म्हणजे चोवीस टन ऊस झाला. एकरी तीस टन उत्पादन धरले, तर बत्तीस गुंठ्यांची वर्षभराची मेहनत त्या एका खोक्यात जाते. एवढी रक्कम दुकानदाराच्या शब्दावर टाकू नये. लॅपटॉपच्या कागदावर पन्नास गोष्टी लिहिलेल्या असतात. रोज बाहेर नेऊन अभ्यास करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने त्यांतील तीन आधी तपासाव्यात : वजन, स्क्रीन आणि बॅटरी. तिन्ही आपल्याला दुकानात उभ्या उभ्या तपासता येतात, त्याला इंजिनीअर लागत नाही.

आधी काम ठरवा

सहकारी साखर कारखानदारीला संगणक नवा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे १९९८ साली केंद्र व राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून सुमारे सत्तर गावांना संगणकाने जोडण्याची योजना हाती घेतली. उसाची नोंद, वजन, बिल ही माहिती सभासदाला गावातच मिळावी, कारखान्यावरचा हेलपाटा वाचावा, हा उद्देश. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी तेथे पाहणी केली, तेव्हा गावातील संगणकांचा उपयोग मुख्यतः उसाच्या माहितीपुरताच होत असल्याचे आढळले. तेवढ्या कामाला साध्या मोबाइलवरचा संदेश पुरतो, हे त्यांनी काही गावांत प्रयोग करून दाखविले.

यातून आपण घ्यावयाचे ते असे की, यंत्र कामावरून ठरवावे. उसाची नोंद पाहणे, सातबारा काढणे, बाजारभाव पाहणे, बँकेचा व्यवहार करणे, एवढ्यासाठी लॅपटॉप घेऊ नका. हातातला फोन ते सर्व करतो. लांबलचक लिखाण, हिशेबाचे तक्ते, प्रकल्प अहवाल, प्रोग्रामिंग किंवा तासन्‌तास वाचन असेल, तर लॅपटॉप हवाच. तेथे फोनवर भागवू म्हणाल तर लेकराच्या डोळ्यांची व अभ्यासाची आबाळ होते.

वजन : काट्यावर भरलेली गाडी येते

१९८१ साली ऑस्बर्न १ नावाचा 'उचलून नेता येणारा' संगणक अमेरिकेत बाजारात आला. त्याचे वजन सुमारे अकरा किलो होते, स्क्रीन पाच इंची होती आणि तो भिंतीतल्या विजेशिवाय चालत नव्हता. तेथून आज आपण सव्वा ते दीड किलोपर्यंत आलो आहोत. १४ इंची चांगला लॅपटॉप १.२ ते १.५ किलोत बसतो. १५.६ इंची साधारण १.६ ते १.९ किलो भरतो. खेळांसाठी बनविलेले जड लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोंचे असतात व त्यांचा चार्जरच अर्धा किलो किंवा त्याहून जास्त असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या गाडीचे वजन वेगळे, रिकाम्या गाडीचे वेगळे. जाहिरातीत लिहिलेले असते ते नुसत्या लॅपटॉपचे. मुलाच्या खांद्यावर येते ते लॅपटॉप, चार्जर, सॅक, पुस्तके व डबा मिळून. म्हणून चार्जर हातात घेऊन पाहा. यू. एस. बी. टाइप-सी पद्धतीचा ६५ वॅटचा लहान चार्जर दोनशे-तीनशे ग्रॅमचा असतो आणि त्यावर बहुतेक नवे फोनही चार्ज होतात. एकच चार्जर बरोबर न्यावा लागणे हीसुद्धा वजनातली बचतच होय.

महागावहून पुसदला किंवा उमरखेडहून नांदेडला रोज एस. टी. ने जाणाऱ्या मुलाला, त्यातही गर्दीत उभ्याने जाणाऱ्याला, एक किलोचा फरक चांगलाच जाणवतो. जड लॅपटॉप पहिले पंधरा दिवस कॉलेजात जातो, नंतर तो खोलीवरच राहतो आणि मुले वर्गात फोनवर नोट्स उतरवतात. आमचे माप असे : लॅपटॉप दीड किलोच्या आत, चार्जरसह एक किलो आठशे ग्रॅमच्या आत. अभियांत्रिकीच्या ज्या शाखांना त्रिमिती चित्रांचे जड प्रोग्राम चालवावे लागतात, त्यांना हे माप थोडे सोडावे लागेल. ते मात्र कॉलेजच्या शिक्षकांना विचारून ठरवावे, मित्राचे पाहून नव्हे.

स्क्रीन : दुकानात चमकते, ओसरीवर मिटते

स्क्रीनचा उजेड 'निट्स' या मापात मोजतात. स्वस्त लॅपटॉपची स्क्रीन २५० निट्सची असते. ३०० बरी, ४०० चांगली. वर्गातील उजेड तीनशे-पाचशे लक्स असतो, तर भर दुपारचे ऊन एक लाख लक्सच्या घरात जाते. तेव्हा २५० निट्सची स्क्रीन दुकानाच्या गार काचेआड कितीही उजळ दिसली, तरी घराच्या ओसरीवर अक्षरे मिटून जातात. उघड्या वावरात तर चारशे निट्सवरही डोळे ताणावे लागतात. बांधावर बसून लॅपटॉप चालवण्याची चित्रे जाहिरातीत असतात, ती तेथेच राहू द्यावीत.

भर उन्हात दिसणारी स्क्रीन बनविण्याचा एक प्रयत्न आपल्या राज्याने पाहिला आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात धनगरवाडा येथील लहानशा शाळेत मुलांना 'एक्सओ' नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप देण्यात आले. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतला भारतातील तो पहिला प्रयोग. वजन सुमारे दीड किलो, वीज अगदी थोडी लागे आणि स्क्रीन अशी की उन्हात तिचे रंग जाऊन काळी-पांढरी अक्षरे उन्हाच्याच उजेडावर स्पष्ट दिसत. शंभर डॉलरांत देण्याचे ठरलेले ते यंत्र जवळजवळ दुप्पट किमतीला गेले आणि योजना पुढे मागे पडली. तरी वजन, स्क्रीन व बॅटरी यांचा विचार खेड्यातल्या मुलाला समोर ठेवून प्रथम त्यांनीच केला, हे मान्य केले पाहिजे. आज बाजारातील लॅपटॉप ऑफिसातल्या माणसासाठी बनतात, म्हणून तपासणी आपल्याला करावी लागते.

स्क्रीनबाबत आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बारीकपणा. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांची स्क्रीन घेऊ नये. मराठीतील जोडाक्षरे, रफार, उकार आणि अनुस्वार तीत गिचमिड होतात. १९२० बाय १०८० किंवा १९२० बाय १२०० घ्यावी. १२०० ची स्क्रीन उभट असल्याने पानाच्या चार ओळी जास्त दिसतात. दुसरी, झळाळी. आरशासारखी चकचकीत स्क्रीन खिडकीचे व आपल्याच तोंडाचे प्रतिबिंब दाखवते. मॅट म्हणजे खरखरीत पृष्ठाची बरी. तिसरी, रंग. कागदावर '४५ टक्के एन. टी. एस. सी.' असे लिहिले असेल, तर रंग फिके दिसतील. '१०० टक्के एस. आर. जी. बी.' असेल तर चांगले. पिकावरील रोगाचे फोटो पाहून अभ्यास करणाऱ्या कृषीच्या विद्यार्थ्याला तांबेरा आणि साधा पिवळेपणा यांतला फरक रंगावरूनच कळणार आहे.

बॅटरी : तास विचारू नका, वॅट-तास विचारा

कंपनी सांगते, बॅटरी पंधरा तास चालेल. प्रात्यक्षिक प्लॉटवरचे उत्पादन आणि आपल्या वावरातले उत्पादन यांत जे अंतर असते तेच येथे आहे. कंपनीची चाचणी बहुधा मंद उजेडात, एकच चित्रफीत लावून घेतलेली असते. म्हणून बॅटरीत किती वॅट-तास आहेत, हे विचारावे. वीजबिलातील एक युनिट म्हणजे एक हजार वॅट-तास. पन्नास वॅट-तासांची बॅटरी म्हणजे युनिटचा विसावा भाग. कागदावर वॅट-तास नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करावे. ११.५ व्होल्ट आणि ४.३५ अँपिअर-तास म्हणजे जवळपास पन्नास वॅट-तास.

आता खर्चाची बाजू. नुसते लिखाण-वाचन असेल तर हलका लॅपटॉप तासाला सहा-सात वॅट-तास घेतो. पन्नासच्या बॅटरीवर सात-आठ तास निघतात. ऑनलाइन तासाला बसले, कॅमेरा चालू, उजेड पूर्ण, की खर्च बारा-पंधरावर जातो आणि तीच बॅटरी चार तासांच्या आत संपते. हलक्या कामात सर्वात जास्त वीज बहुधा स्क्रीनच खाते. तेव्हा उजेड निम्मा केला की फरक लगेच दिसतो.

एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये कधी ४२, तर कधी ६० वॅट-तासांची बॅटरी घालून विकतात. नाव एक, माल दोन. आमचे मत असे की पन्नासच्या खाली जाऊ नये. वीस वॅट-तास वाढले की वजन शंभर ग्रॅमच्या आसपास वाढते. इतर ठिकाणी ग्रॅम वाचवावेत, पण येथे ते शंभर ग्रॅम खुशाल घ्यावेत. वादळात गावची लाइन गेली आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा असली, की त्यांचा उपयोग कळतो.

आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा बॅटरीचा वैरी आहे. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नये, गादीवर ठेवून चार्ज करू नये. तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की बॅटरीची क्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते. घरी वायर लावूनच काम करावयाचे असेल तर ती चालू ठेवावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलावीशी वाटते. काही घरांत मुलाला नवा लॅपटॉप आणि मुलीला त्याचा चार वर्षांचा जुना, अशी वाटणी होते. जुना जरूर वापरावा, पण त्याची बॅटरी तासाभरात बसत असेल, तर ती पोर वर्गात भिंतीजवळची सॉकेटची जागा शोधत फिरते. जुना द्यायचाच असेल तर नवी बॅटरी बसवून द्यावी. ती नव्या लॅपटॉपच्या मानाने थोड्या पैशांत होते. बाजारातून जुना घेताना बॅटरीची मूळ क्षमता व आजची क्षमता दाखवणारा अहवाल मागावा, विंडोजमध्ये तो काढता येतो. तसेच विंडोज ११ चालणारे यंत्रच घ्यावे, कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आहे.

दुकानात जाताना

१. कागदावर तीन आकडे लिहून घ्या : किलो, निट्स, वॅट-तास. सांगता येत नसेल तर घाई न करता दुसरे दुकान पाहा.

२. लॅपटॉप व चार्जर दोन्ही एका पिशवीत घालून उचलून पाहा. ज्याला रोज न्यायचा आहे त्यालाच उचलायला लावा.

३. स्क्रीन दुकानाच्या दाराशी, दुपारच्या उजेडात आणा आणि मराठी मजकुराचे पान उघडा. खरेदीला दुपारी जाणे यासाठीच बरे.

४. चार्जर काढून, उजेड पूर्ण ठेवून वीस मिनिटे वापरा. पाच टक्के उतरली तर पूर्ण बॅटरी सहा तास चाळीस मिनिटे जाईल. दहा टक्के उतरली तर अर्धीच.

५. मेमरी १६ जी. बी. घ्या. हलक्या लॅपटॉपमध्ये ती पुष्कळदा मागाहून वाढवता येत नाही.

६. बिल मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने, जी. एस. टी. सह व अनुक्रमांक लिहून घ्या. दुरुस्ती केंद्र यवतमाळला आहे, नांदेडला आहे की फक्त नागपूरला, हे आधीच विचारा.

ज्या सभासदांना कागदावरील आकडे समजून घ्यावयाचे असतील त्यांनी ते गट कार्यालयात आणावेत. सकाळी आम्ही बांधावर असतो, दुपारी चारनंतर कार्यालयात भेटतो. मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावे, म्हणजे काम काय आहे ते त्यांच्याच तोंडून कळेल आणि त्याप्रमाणे सांगता येईल.